किनाबालू, गाया, दानुम: सोलापूरहून बोर्निओला जाताना कोणत्या क्रमाने काय करायचं

गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या तीन गटांना बोर्निओच्या सहलीची आखणी करताना पाहिलं. पैशाची अडचण कुणालाच नव्हती. तिन्ही गट अडकले ते क्रमात. एकाने आधी विमानाची तिकिटं काढली आणि त्या तारखांना डोंगरावर मुक्कामाची जागाच नव्हती. दुसऱ्याने समुद्र आधी ठेवला. उन्हाने सोललेल्या खांद्यांवर सॅकचे पट्टे घेऊन त्यांना चौदाशे मीटर चढावं लागलं. तिसऱ्याची तयारी जोरदार होती, पण ती फक्त चढायची. उतरायची तयारी कुणी केली नव्हती.

हा लेख बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या साबा राज्यातल्या एकाच सहलीबद्दल आहे. तिच्यात ४,०९५ मीटर उंचीचा किनाबालू डोंगर, कोटा किनाबालू शहरासमोरच्या बेटांभोवती समुद्रातलं कयाकिंग (वल्ह्याची अरुंद होडी चालवणं) आणि पूर्वेकडच्या वर्षावनात प्राणी पाहणं, असं तिन्ही आहे. एवढ्याशा भागात हे तिन्ही क्वचितच मिळतं. राहण्याची सोयही उत्तम आहे, डोंगरावरची एक रात्र सोडून.

टप्पा १: आधी डोंगराची जागा, मग विमान, हॉटेल शेवटी

किनाबालूवर रोज ठरावीक माणसांनाच सोडतात. वर पानालाबानला, सुमारे ३,२७० मीटरवर, रात्रीचा पलंग मिळाला तरच शिखराचं परमिट मिळतं. सोबत परवानाधारक स्थानिक गाइड सक्तीचा. म्हणजे सगळ्या सहलीची खुंटी हा एक पलंग. तो ज्या तारखेला मिळेल तिच्या मागे-पुढे बाकीचं बसवायचं.

डोंगरासाठी मार्च-एप्रिल त्यातल्या त्यात कोरडे. शाळांच्या सुट्ट्यांमुळे आपल्याला एप्रिलचा शेवट सोयीचा पडतो, म्हणून गणपती-दसऱ्याच्या सुमारासच चौकशी सुरू करा. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली की बघू, असं म्हणाल तर उरलेसुरले पलंग मिळतील आणि घरातली चार माणसं चार तारखांना विभागली जातील.

जादा पैसे कुठे घालायचे, तेही इथेच ठरवा. पानालाबानला बहुतेक पलंग सामायिक खोल्यांतले, दुमजली असतात. तिथे कितीही पैसे मोजले तरी आलिशान खोली मिळत नाही. ‘पूर्ण लक्झरी’ असं छापलेलं पॅकेज हातात आलं की या एका रात्रीबद्दल स्पष्ट विचारा. माझ्या मते पैसे घालावेत ते चार ठिकाणी: डोंगर उतरल्यावरची चांगली खोली, कयाकिंगसाठी स्वतंत्र गाइड, जंगलात स्वतंत्र निसर्ग-मार्गदर्शक आणि एक मोकळा दिवस. महागडं जॅकेट या यादीत येत नाही.

> तपासा: परमिटवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं का? वडिलांचं नाव एका कागदावर आणि दुसऱ्यावर गायब, हा आपला नेहमीचा घोळ.

टप्पा २: दिवसांची मांडणी: डोंगर, समुद्र, जंगल

पहिला दिवस कोटा किनाबालूत पोचण्यात जातो. दुसऱ्या दिवशी गाडीने दोनेक तासांवर किनाबालू पार्कच्या मुख्यालयाजवळ, साधारण दीड हजार मीटरवर मुक्काम करायचा. तिसऱ्या दिवशी पानालाबान, चौथ्या दिवशी शिखर आणि त्याच दिवशी खाली. पाचवा दिवस मोकळा. सहावा-सातवा समुद्रात. आठव्या दिवशी विमानाने पूर्वेला लाहाद दातू किंवा सांदाकान, मग तीन रात्री जंगलात. शेवटी परतीच्या आधी एक दिवस राखीव. एकूण बारा दिवस धरा. नऊ दिवसांत बसवून देतो म्हणणारे भेटतील, पण ते तुमची झोप आणि मोकळा दिवस कापून बसवतात.

दुसऱ्या दिवसाचा मुक्काम ‘वाया जातो’ म्हणून काढून टाकू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. तिथून थेट ३,२७० मीटरवर झोपायला गेलात तर डोकेदुखी आणि मळमळ ठरलेली. दीड हजार मीटरवरच्या एका रात्रीने विरळ हवेची पूर्ण सवय होत नाही, पण गाडीतून उतरून थेट चढण्यापेक्षा ती बरी.

डोंगरानंतर समुद्र ठेवायचा, कारण तेव्हा मांड्या आखडलेल्या असतात पण हात ताजे असतात. कयाकमध्ये बसून पाय निवतात. जंगल शेवटी, कारण तिथे बूट भिजतात, जळवा चावतात, आणि त्या जखमा घेऊन खाऱ्या पाण्यात उतरणं बरं नाही.

> सावधान: कुणाला स्कूबा डायव्हिंग करायचं असेल तर ते डोंगराच्या आधी ठेवू नका. डाइव्हनंतर लगेच उंचीवर किंवा विमानात गेलं तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. मध्ये २४ तास ठेवा. स्नॉर्केलिंगला, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावर पोहण्याला, ही अडचण नाही.

टप्पा ३: सपाट सोलापुरात पायांची तयारी

लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चढाई जिथून सुरू होते ते टिंपोहोन गेट आहे १,८६६ मीटरवर. पहिल्या दिवशी सहा किलोमीटरमध्ये सुमारे १,४०० मीटर चढायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे आणखी सव्वाआठशे मीटर चढून, त्याच दिवशी सुमारे २,२३० मीटर खाली यायचं. बहुतेक वाट म्हणजे उंच-सखल पायऱ्या, दगडांच्या आणि लाकडी फळ्यांच्या. सिद्धेश्वर तलावाला रोज दहा फेऱ्या मारणारा माणूस इथे चढेल, पण उतरताना गुडघे धरून बसेल. सपाटीवर चालून दम वाढतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो, ती सवय सपाटीवर लागत नाही.

आपल्याकडे डोंगर नाही, पण जिने आहेत. चार मजली इमारतीचा जिना धरला तर तळापासून वरपर्यंत साधारण १२ मीटर. पहिल्या दिवसाची चढाई म्हणजे अशा ११७ खेपा, दुसऱ्या दिवसाची उतराई १८६. एका दमात एवढं करायचं नाही, पण आकडा डोळ्यांसमोर असला की फाजील आत्मविश्वास जातो.

चार महिन्यांचा आराखडा असा:

१. पहिला महिना: आठवड्यातून तीन दिवस, सॅकशिवाय, १० खेपांपासून २० पर्यंत. लिफ्टने खाली यायचं नाही.

२. दुसरा महिना: सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या घालून ४ किलो. खेपा २५ पर्यंत.

३. तिसरा महिना: ६ किलो, आठवड्यातला एक दिवस ४० खेपा. पंधरवड्याला एकदा खराखुरा डोंगर. हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे आणि तिथून सिंहगड पायवाटेने, चढून आणि उतरूनसुद्धा.

४. चौथा महिना: एकदा कळसूबाई, १,६४६ मीटर, शक्यतो रात्री हेडलॅम्पवर. शेवटचे दहा दिवस हलका व्यायाम.

ट्रेकवाले सल्ला देतात की पाणी वर ओतून मोकळी सॅक घेऊन उतरा, गुडघे वाचतात. पहिल्या महिन्यापुरतं ठीक. नंतर वजन घेऊनच उतरा, कारण किनाबालूवर पाठीवरचं ओझं वाटेत ओतून टाकता येत नाही. पैसे देऊन हमाल मिळतो आणि मोठी सॅक त्याच्याकडे द्यायला हरकत नाही, पण पाणी, रेनकोट आणि गरम कपडे स्वतःजवळच हवेत.

माझ्या तिसऱ्या महिन्यात, जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत, पहाटे पाचला हेडलॅम्प लावून सॅकसकट सतराव्या खेपेला निघालो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दूध घ्यायला दार उघडलं. माझ्याकडे वर-खाली बघून म्हणाल्या, “काय ओ, लिफ्ट बंद हाय का?” नाही म्हटलं. “मग गॅसची टाकी आणलाव का पाठीवर?” पुढचा महिनाभर त्या दार उघडून खेपा मोजायच्या. चुकवायची सोयच उरली नाही.

मार्चनंतर सोलापुरात सकाळी आठनंतर व्यायाम करू नका. आणि ‘आपल्याला ४३ अंशांची सवय आहे, तिकडे तर ३२च’ हा भ्रमही सोडा. आपलं ऊन कोरडं. घाम येतो आणि वाळतो, म्हणून अंग गार राहतं. बोर्निओच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, अंग आतून तापत राहतं. तिथे पाणी आणि ओआरएस तहान लागण्याआधीच घ्यावं लागतं.

> तपासा: सिंहगड उतरून दुसऱ्या दिवशी घराचा जिना हात न धरता उतरता येतो का? येत नसेल तर तयारी अपुरी आहे.

टप्पा ४: पाण्याची तयारी

“मी विहिरीत पोहायला शिकलोय” हे आमच्याकडचं हमखास उत्तर. विहिरीत सूर मारणारा माणूस घाबरत नाही, ही जमेची बाजू. पण विहिरीत लाट नसते, ओढ नसते, आणि हात टेकायला काठ जवळ असतो. तरणतलावात लाइफ जॅकेट घालून पंधरा मिनिटं तरंगण्याचा आणि जॅकेटसकट पोहण्याचा सराव करा. नवख्यांचं जॅकेट वर सरकून कानाशी येतं, कारण पट्टे सैल असतात.

शक्य झालं तर आधी एक शनिवार-रविवार मालवण-तारकर्लीला जाऊन कर्ली नदीच्या खाडीत कयाक चालवा. एकच गोष्ट शिकून या: वल्हं दंडाने ओढायचं नाही, कमरेपासून धड वळवून ओढायचं. दंडाने मारलंत तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात. मुठीही घट्ट आवळू नका, नाहीतर संध्याकाळी जेवताना घास तोडता येणार नाही.

टप्पा ५: कागद, विमा, डॉक्टर

पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. व्हिसाचा नियम तिकीट काढताना एकदा आणि निघण्याआधी एकदा सरकारी संकेतस्थळावर पाहा. साबा राज्याची इमिग्रेशन तपासणी वेगळी आहे. क्वालालंपूरला शिक्का बसला तरी कोटा किनाबालूला पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो, त्यामुळे तो चेक-इन बॅगेत टाकू नका.

विमा घेताना पॉलिसीतली उंचीची मर्यादा शोधा. पुष्कळ पॉलिसी गिर्यारोहण वगळतात किंवा ठरावीक मीटरपुढे हात वर करतात. ४,०९५ मीटर, हेलिकॉप्टरने सुटका आणि समुद्रातलं कयाकिंग या तिन्ही गोष्टी लेखी विचारा. एजंट फोनवर “सगळं कव्हर आहे साहेब” म्हणाला, त्याला किंमत शून्य. परदेशी पॅकेजवर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पावती जपून ठेवा.

डॉक्टरांकडे दीड-दोन महिने आधी जा आणि तीन गोष्टी विचारा: उंचीच्या त्रासासाठी अ‍ॅसेटाझोलामाइड घ्यावं का (सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा), मलेरियाची प्रतिबंधक गोळी, आणि धनुर्वात-टायफॉइडच्या लशी. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळी उचलू नका.

टप्पा ६: बॅग, आणि काय घरी ठेवायचं

चादर आणि टॉवेल घरी ठेवा. सोलापूरकराला हे लिहिताना हात अडखळतो, पण आपला जाड सुती टॉवेल वर्षावनात एकदा भिजला की मुक्काम संपेपर्यंत वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो. तीच गत सुती बनियन आणि जीन्सची. पातळ, झटपट वाळणारे सिंथेटिक कपडे घ्या. डोंगरासाठी त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न झिरपणारं जॅकेट. पहाटे शिखरावर तापमान शून्याच्या आसपास जातं आणि वारा असतो, म्हणून हातमोजे आणि कानटोपीही.

हेडलॅम्प आणि जादा सेल. जंगलासाठी जळवांचे मोजे, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे कापडी मोजे. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण, तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर. आतल्या विमानांना सामानाची मर्यादा कमी असते, तेव्हा चाकांच्या कडक बॅगेपेक्षा मऊ डफल बरी.

बूट किमान दोन महिने वापरलेले हवेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मी पहिल्या वेळी ही जागा ठेवली नाही. उतरताना प्रत्येक पायरीला अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहिला. संध्याकाळी दोन्ही नखं काळीनिळी झाली आणि महिन्याभरात गळून पडली. निघण्याच्या आदल्या दिवशी नखं कापा आणि उतरणीआधी नाडी घोट्याशी घट्ट आवळा.

खाण्यासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी. दोन्ही टिकतात, दोन्हींत ताकद आहे, आणि डोंगरावर गोड बिस्किटांचा कंटाळा आला की चटणीचं मोल कळतं. भाकरी मात्र स्टीलच्या डब्यात घ्या, नाहीतर पानालाबानला फक्त चुरा पोचेल. विमानतळावरच्या घोषणापत्रात खाद्यपदार्थ लपवू नका. शाकाहारी असाल तर प्रत्येक मुक्कामाला आधीच लेखी कळवा आणि मासळीची पेस्टही चालत नाही हे त्यात स्पष्ट लिहा.

टप्पा ७: डोंगर

१. सकाळी लवकर गेटवर पोचा. गळ्यात नावाचं ओळखपत्र देतात, ते परत येईपर्यंत काढायचं नाही.

२. पहिला तास मुद्दाम हळू चाला. बोलता येईल एवढाच वेग. पुढे जाणारी तरुण पोरं चौथ्या किलोमीटरला धापा टाकत बसलेली दिसतील.

३. पानालाबानला पोचल्यावर लगेच आडवे होऊ नका. कपडे बदला, गरम काहीतरी प्या, लवकर जेवा. दुपारी पाऊस ठरलेलाच, म्हणून ओलं सामान तेव्हाच वाळत घाला.

४. रात्री दोनच्या सुमारास उठून अडीचला निघायचं. ३,६६८ मीटरवरच्या सायात-सायात नाक्यावर पहाटे पाचच्या आत पोचलं नाही तर परत पाठवतात. वाद घालून उपयोग नाही.

५. पुढे उघडा ग्रॅनाइट, धरायला दोर. उतारावर पूर्ण तळवा टेकवून चाला.

> सावधान: डोकेदुखी वाढत चालली, उलटी झाली, पाय अडखळायला लागले किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर खाली उतरायचं. गोळी घेऊन वर जायचं नाही. आणि पावसाने गाइडने वाट बंद केली तर ती बंदच. या डोंगरावर ५ जून २०१५ च्या भूकंपात १८ जणांचा जीव गेला होता, तिथले गाइड उगाच घाबरवत नाहीत.

कड्यावर लोखंडी दोर-पायऱ्यांची वाट, म्हणजे वाया फेराटा, पॅकेजमध्ये जोडून देतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने छोटी वाट घ्यावी किंवा सोडून द्यावी. शिखरानंतर थकलेल्या हातांनी ती करावी लागते. घेतलीच तर एक नियम: दोन हुकांपैकी एक कायम दोराला. दोन्ही एकाच वेळी कधीच काढायचे नाहीत.

टप्पा ८: समुद्र

कयाकिंग पश्चिम किनाऱ्यावरच करा. तुंकू अब्दुल रहमान पार्कमध्ये गाया, सापी, मानुकान, मामुतिक आणि सुलुग अशी पाच बेटं आहेत आणि ती शहरापासून जवळ आहेत. पूर्व किनाऱ्यालगतच्या बेटांबद्दल अनेक देश अपहरणाच्या धोक्याचे इशारे देत आले आहेत, तिथे हौस नको.

रिसॉर्टच्या वाळूवर फुकट ठेवलेली प्लॅस्टिकची उघडी कयाक वेगळी आणि समुद्रात तासन्‌तास चालवायची वेगळी. दुसरीत माणूस आत बसतो, कमरेभोवती स्कर्टसारखं कापड असतं. निघण्याआधी उथळ पाण्यात गाइडसमोर मुद्दाम उलटून, पुढची पट्टी ओढून कापड सोडवा आणि बाहेर या. हे न करता खोल पाण्यात नेणाऱ्याबरोबर जाऊ नका.

सकाळी सातच्या आत पाण्यात, अकराच्या आत बाहेर. दुपारी वारा आणि गडगडाट. शहर आणि बेटांमध्ये स्पीडबोटींची वर्दळ असते. त्यांचा मार्ग सगळ्यांनी एकत्र राहून काटकोनात ओलांडायचा. लांब बाह्यांचा घट्ट शर्ट उन्हापासून वाचवतो आणि जेलीफिशपासूनही. या पाण्यात बॉक्स जेलीफिश असतात, गाइडकडे व्हिनेगर आहे का ते विचारून घ्या.

टप्पा ९: जंगल

दोन पर्याय आहेत. दानुम खोरं म्हणजे ४३८ चौरस किलोमीटरचं जुनं, न तोडलेलं जंगल. लाहाद दातूहून गाडीने दोन-अडीच तास, राहायला आलिशान लॉज. तिथे पायी फिरायचं आणि धीर धरायचा. दुसरा पर्याय किनाबातांगान नदीकाठचं सुकाऊ. तिथे सकाळ-संध्याकाळ होडीतून फिरायचं, आणि थोड्या वेळात जास्त प्राणी दिसण्याची शक्यता असते. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं संध्याकाळी काठावरच्या झाडांवर येतात. धनेश दिसतात, नशीब असेल तर हत्तींचा कळपही. गुडघे अजून दुखत असतील तर सुकाऊ घ्या.

१. पहाटेची फेरी कधीच चुकवू नका. दुपारची चुकली तर चालेल.

२. ओरांगउटानपासून दहा मीटर तरी लांब राहा. आपली सर्दी त्यांना लागते, शिंका येत असतील तर मास्क लावा.

३. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काच धुक्याने भरते. अर्धा तास आधी पिशवीसकट व्हरांड्यात ठेवा.

४. जळू चिकटली तर मीठ-तंबाखू टाकू नका. नखाने तिचं तोंड सरकवून काढा, जखम धुवा. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरू नका.

५. किनाबातांगानमध्ये मगरी आहेत. होडीबाहेर हात टाकायचा नाही, आणि काठावर बसून पाय भिजवणं तर नाहीच.

टप्पा १०: परत आल्यावर

बूट उन्हात वाळवा. सोलापूरचं ऊन हे काम एका दुपारी करतं.

परतल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आला तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. साबाच्या जंगलात माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा नोलेसी मलेरिया आहे. त्याचे जंतू दर चोवीस तासांनी वाढतात, त्यामुळे आजार झपाट्याने बळावू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते दुसऱ्या, सौम्य जातीसारखे दिसतात. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच: “मी अमुक तारखेपर्यंत बोर्निओच्या जंगलात होतो.” मलेरिया आणि डेंग्यू, दोन्हीची तपासणी त्याच दिवशी मागा. मलेरियाची पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.